प्रकरण अभ्यास : सात नंबरचा हात

हे प्रकरण आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या कबड्डी संघाचं आहे. मी तिथं शारीरिक शिक्षण संचालक. पोरी 'सर' म्हणतात, गावातले लोक अजूनही 'पीटीवाले मास्तर' म्हणतात. नावं देत नाही. मैदानावर आम्ही एरवीही जर्सीच्या नंबरानंच हाक मारतो, इथंही तेच. सात नंबर म्हणजे कर्णधार, लेफ्ट कॉर्नर (बचावात डाव्या टोकाला उभी राहणारी), बीएस्सी दुसरं वर्ष. अकरा नंबर म्हणजे मुख्य रेडर (चढाई करणारी), बीए तिसरं वर्ष. दोघी दोन वर्षं एकाच एसटीनं, बहुतेक एकाच सीटवर बसून आल्या-गेल्या.

'खेळ आणि अभ्यास यांचा समतोल' या विषयावर मी वीस वर्षं भाषणं दिली आहेत. गॅदरिंगला, पालक सभेला, एकदा तर एका लग्नातसुद्धा. या प्रकरणानंतर ते भाषण जमेनासं झालं. एकीचा तोल सावरला जातो तेव्हा वजन कुठंतरी दुसरीकडं सरकलेलं असतं, आणि ते कुणाच्या खांद्यावर गेलं हे आपण पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

घर

मोर्शीच्या बाजूचं हजार-बाराशे वस्तीचं गाव. चार एकर कोरडवाहू. धरण जवळ आहे, पण शेत चढावर, त्यामुळं पाणी दिसतं, मिळत नाही. कपाशी, तिच्यात तुरीची तासं, एका तुकड्यात सोयाबीन. घरात आबाजी, बाबा, माय आणि नववीतला भाऊ.

आबाजी गुरुदेव सेवा मंडळाचे जुने उपासक. 1968 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि गावातल्या माणसांसोबत पायी गुरुकुंज मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, गेले होते. ते चालणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. दर वर्षी पुण्यतिथीला, म्हणजे कोजागरीनंतरच्या पंचमीला, गावची पालखी घेऊन दोन दिवस चालत जातात. घरात मांसाहार नाही. दारूचा तर विषयच नाही. संध्याकाळी गावच्या प्रार्थना मंदिरात सामुदायिक प्रार्थना. सात नंबर सातवीत असल्यापासून तिथं खंजिरी वाजवते आणि पालखीतही तीच वाजवते.

ती पहिल्या वर्षाला असताना मी घरी परवानगी मागायला गेलो. भीती होती ती हाफ पँटची. गावात एकदोघांनी 'पोट्टी चड्डीवर खेळते' असं म्हणून झालं होतं. आबाजींनी तो विषय एका वाक्यात संपवला. "पहिलवान लंगोटावर खेळते, त्याले कोणी इचारते काय का बाप्पा तुहे पाय काहून दिसते?" झालं. ज्यावर मी रस्ताभर मुद्दे जुळवत गेलो होतो, ते सगळे वाया.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. "खेळून नोकरी लागते म्हणते सर, खरं हाय काय?" यावर बरेच जण पालकांना गोड बोलून मोकळे होतात. मी खरं ते सांगितलं. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवरच्या कामगिरीला. कॉलेजच्या संघातून खेळल्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही. म्हणून बीएस्सी सोडायची नाही, मार्क पाडायचे नाहीत. बाबांनी मान हलवली. त्यांना उत्तर आवडलं नव्हतं, पण पटलं असावं.

माय चहा देऊन आत गेली. तिला मी काहीच विचारलं नाही. त्या भेटीतली खरी चूक ती होती, पण ती कळायला मला वर्षाहून जास्त लागलं.

नव्वद दिवस

एका सत्रात साधारण 90 दिवस शिकवणी होते. हजेरी 75 टक्के लागते, म्हणजे फार तर 22 दिवस बुडले तर चालतात. आता सात नंबरचं सत्र मांडा. झोनची स्पर्धा 3 दिवस, आंतरमहाविद्यालयीन मुख्य फेरी 4, विद्यापीठाचं शिबिर 12, पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा प्रवासासकट 8. बेरीज 27. एकही दिवस ताप न येता, एकही बस न चुकता पोरगी 70 टक्क्यांवर येते. म्हणजे खेळाडू म्हणून मिळणारी 'ऑन ड्युटी' (खेळासाठी बुडलेला दिवस हजेरीत धरणं) ही सवलत आहे असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं हे गणित करून पाहावं. ती नसेल तर निवड झालेली प्रत्येक मुलगी परीक्षेला अपात्र ठरते.

बीएस्सीच्या पोरींचं आणखी एक. प्रॅक्टिकल चार वाजता सुटतं. मैदान साडेचारला. गावाकडची शेवटची बस सव्वासहाला. पावणेसहाला बूट सोडले नाहीत तर पोरगी तालुक्यातच राहिली. विद्यार्थ्यांच्या पासाला एक तृतीयांश भाडं लागतं, आणि मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळं पास संपला म्हणून कुणी घरी बसत नाही, एवढा फरक पडला. बसची वेळ मात्र तीच.

मैदानाबद्दल थोडं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी करून दाखवली होती. त्याच जिल्ह्यात आमच्या पोरी मुरमावर पाणी शिंपडून खेळतात आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवतात. मॅटवर पाय चिकटतो, वळताना गुडघा मागं राहतो. हे कोणत्या अहवालात येत नाही, म्हणून इथं लिहिलं.

आता माझी चूक. झोनच्या तीन दिवसांत रसायनशास्त्राची अंतर्गत चाचणी होती. खेळाडूंची यादी विभागात आधी पोचवायची जबाबदारी माझी. मी चार दिवस उशिरा पोचवली. विभागप्रमुखांनी नियमावर बोट ठेवलं आणि सात नंबरच्या नावापुढं 'गैरहजर' लागलं. ती एक शब्द बोलली नाही. दोन आठवड्यांनी अकरा नंबर माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाली, "सर, तिच्या मार्काचं तुमच्याकून झालं. ती नाई सांगणार, म्हणून मी सांगून राह्यली." फेरचाचणी झाली, पण तोपर्यंत शिबिराची तारीख आली होती, आणि ती चाचणी तिनं सकाळी साडेआठला स्टाफ रूमच्या कोपऱ्यात बसून दिली.

अंड्याचं

यावर जास्त लिहीत नाही. मी संघाला रोज दोन उकडलेली अंडी लावली होती. सात नंबरनं नाही म्हटलं. मी आग्रह केला, एकदा चारचौघींत 'धर्म मैदानाबाहेर ठेवून ये' असंही बोललो. ते बोलणं चुकीचं होतंच, शिवाय अडाणीपणाचंही. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीसच्या आसपास, आणि तिच्या घरच्या सोयाबीनमध्ये जवळजवळ दुप्पट. आमचा भाग सोयाबीन पिकवतो आणि पोतंभरही घरात ठेवत नाही, सगळं बाजारात. मायनं ते चांगलं भाजून ज्वारीत दळून आणायला सुरुवात केली. कच्चं चालत नाही, त्यातल्या घटकांमुळं पचत नाही, हे मी सांगितलं. एवढंच माझं योगदान. भाकरीची चव थोडी कडवट लागते, जवसाच्या चटणीनं निभतं.

तो टच

मुख्य फेरी. उपांत्यपूर्व सामना. मुलींचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा. शेवटच्या मिनिटाला आम्ही 24-23 असे पुढं. समोरची रेडर आली, डावीकडं वळली आणि परत निघताना पायाचा अंगठा मागं टाकला. टो टच. मध्यरेषा ओलांडून तिनं हात वर करून सात नंबरकडं बोट दाखवलं. पंचानं नाही म्हटलं. दुसऱ्या पंचानंही नाही म्हटलं. बाकावर आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

सात नंबर उभी होती तिथंच होती. दोन सेकंद गेले असतील. मग तिनं उजवा हात वर केला आणि चालत बाहेर येऊन बसली.

कबड्डीत हे नवीन नाही. टच लागला की हात वर करून निघायचं, ही या खेळाची जुनी रीत. आपल्या खेळात मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, गावकीचा शब्द आहे, आणि रीतही गावकीतलीच. पण हल्ली शेवटच्या मिनिटाला कोण निघतं? सरपंचांनी तिच्याकडं पाहिलं, मग गुणलेखकाकडं, आणि गुण दिला. 24-24.

पुढची चढाई आमची. अकरा नंबर गेली. दडपणाखाली ती नेहमी बोनस रेषेच्या जादा गुणासाठी जाते, तसंच गेली, आणि त्यांच्या कॉर्नरनं घोटा धरला. 24-25. उरलेले सेकंद त्यांच्या रेडरनं मध्यरेषेपाशी पाय हलवत घालवले. शिट्टी.

गुणपत्रकात काय लिहिलं गेलं, तर शेवटची बाद खेळाडू अकरा नंबर. गावातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर तिलाच धरलं. सात नंबरला उलट समोरच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी बोलावून शाबासकी दिली. त्याच संध्याकाळी शिबिराची यादी लागली. सात नंबरचं नाव होतं, तिच्या पकडी खरंच चांगल्या झाल्या होत्या. अकरा नंबरचं नव्हतं. उपांत्य सामना खेळायला मिळाला असता तर निवड समितीला ती आणखी एकदा दिसली असती. तिचं तिसरं वर्ष, विद्यापीठाच्या कलरकोटची (विद्यापीठ संघातून खेळणाऱ्यांना मिळणाऱ्या कोटाची) ती शेवटची संधी होती.

परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. बडनेऱ्याला चहाला उतरलो तेव्हा अकरा नंबर तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मले टच लागला होता," सात नंबर म्हणाली.

"मले मालूम हाय लागला होता. पण तुह्या देवाले आमच्या ताटातला निवेद कायले?"

मी मधात पडलो नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी अकरा नंबरच्या बाजूचा होतो. 'पंच कशासाठी ठेवलेत?' असं मीही आधी बोलून गेलो होतो.

दोन दिवसांनी मी सात नंबरला विचारलं. तिनं सत्यावर प्रवचन दिलं नाही. म्हणाली, "सर, संध्याकाळी प्रार्थनेले डोये मिटून बसा लागते. तवा मले तोच अंगठा दिसला असता." मग थोडं थांबून, "पण अकराचं बी बरोबर हाय."

माझं मत आता असं आहे. टचबद्दल ती बरोबर होती. कर्णधार म्हणून चुकली. हात वर करणं हा तिचा नियम होता, आणि तो असा असेल तर संघाला स्पर्धेआधी माहीत असायला हवा होता. अकरा पोरींनी तिच्या नियमाची किंमत भरली आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे तिला कुणी सांगायचं? मी. मी सांगितलं नव्हतं, कारण मला तिचा नियम माहीतच नव्हता. दोन वर्षांत मी तिला तिच्या प्रार्थनेबद्दल एकदाही विचारलं नव्हतं, अंड्यावरून टोमणा मारला तेवढाच.

पंचमी

शिबिराच्या बारा दिवसांत पुण्यतिथी येत होती. गुरुकुंजात त्या दिवशी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. लाखो माणसं जिथं आहेत तिथं उभी राहतात. आबाजींना त्या मिनिटाला नात शेजारी लागते. शिबिराच्या प्रशिक्षकांना मी फोन केला. एक दिवस सुटी मिळेल का? त्यांनी स्पष्ट सांगितलं, सुटी घेतली तर बारातून नाव जाईल, बाहेर चौघी वाट पाहत आहेत. तेही चूक नव्हते.

आबाजी रागावले नाहीत, रागावले असते तर सोपं गेलं असतं. तीन दिवस बोललेच नाहीत. मग एवढंच, "पालखीत खंजिरी कोण वाजवन?"

आणि त्याच आठवड्यात कापूस फुटला होता. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन गेलं होतं, पहिला वेचा तयार. पाऊस आला तर बोंडातला कापूस भिजतो, पिवळा पडतो, भाव जातो. मजूर मिळेना. भाऊ दोन दिवस शाळा बुडवून वेचायला गेला होता, हे मला नंतर कळलं. तीही एक हजेरीच, पण ती भरून काढायला 'ऑन ड्युटी' नाही.

मी रविवारी गावात गेलो. समजूत घालायला. ओसरीत आबाजी, बाबा, मी. सात नंबर दाराच्या चौकटीला टेकून. मी तेच सुरू केलं, समतोल, संधी, एकदाच येते, वगैरे. आतून माय आली. हाताच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडलेले, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. ती माझ्याशी नाही, आबाजींशी बोलली.

"मामाजी, या घरात येऊन मले बावीस वर्ष झाले. मी एकडाव तरी पंचमीले मोझरीले गेली काय? सारे जाते. फुटलेला कापूस कोण वेचते? यंदा पोट्टी जाऊ द्या तिकडं. खंजिरी मी वाजवतो."

आबाजींनी वर पाहिलं. "तुले येते?"

"माहेरी वाजवत होती. इथं कोणी इचारलं नाई."

कुणी काही बोललं नाही. मी माझा चहा संपवला. मघापासून माझ्या भाषणात ज्या बाईचा उल्लेख नव्हता, तिच्या बावीस वर्षांच्या गैरहजेरीवर या घराची भक्ती, शेती आणि गेल्या वर्षापासून माझा लेफ्ट कॉर्नर, सगळं चाललं होतं.

प्रश्न कापसाचा राहिला. सात नंबरनं त्याच रात्री अकरा नंबरला फोन केला. दोघी आठवडाभर बोललेल्या नव्हत्या. अकरा नंबर पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी वावरात हजर झाली, सोबत तिची चुलत बहीण. आल्याआल्या बाबांना म्हणाली, "काका, फुकट नाई वेचत. दहा रुपये किलो." बाबा म्हणाले, तेच तर हवं आहे. दोन दिवसांत तिनं 83 किलो वेचला, 830 रुपये रोख घेतले आणि त्यातून धावायचे बूट घेतले. मला वाटलं होतं, मैत्रिणीखातर फुकट वेचेल. बरं झालं तसं झालं नाही. पैसे घेतल्यामुळं दोघींत उपकाराचं काही उरलं नाही.

पंचमीला माय पालखीसोबत दोन दिवस चालली. तळपायाला फोड आले. आबाजींनी परत आल्यावर शेजाऱ्यांना सांगितलं की सून ठेक्याला पक्की आहे. हे त्यांच्या तोंडून म्हणजे पुष्कळ झालं.

आणि 4 वाजून 58 मिनिटांनी सात नंबर काय करत होती? मी शिबिर संपल्यावर विचारलं. मला वाटलं, ती मॅटवर थांबली असेल, डोळे मिटले असतील. म्हणाली, "अँकल होल्डचा सराव चालू होता सर. लक्षातच नाई राह्यलं. पाच वीसले घड्याळ पाह्यलं. रडू आलं, मंग पाणी पेली अन् परत गेली."

त्यानंतर

विद्यापीठ संघातून ती पश्चिम विभागाला गेली. दोन सामन्यांत बदली म्हणून उतरली, तीन पकडी केल्या. संघ लवकर बाहेर पडला. कलरकोट मिळाला. तो घरी खुंटीवर आहे, खंजिरीच्या शेजारी, असं भाऊ सांगतो.

हिवाळी परीक्षेत सगळे विषय सुटले, पण रसायनशास्त्राचे गुण पहिल्या सत्रात 61 होते ते 44 वर आले. त्यातले काही माझ्या उशिरा पोचलेल्या यादीचे आहेत. आता यादी स्पर्धेच्या आठ दिवस आधी विभागप्रमुखांच्या टेबलावर जाते, पोच घेऊन. आणि नवीन मुलीच्या घरी गेलो की मी आधी आत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातो, तिच्या मायला विचारतो, ही मैदानावर गेली की तिचं काम कुणाकडं येणार? पहिल्यांदा बाया गोंधळतात. मग सांगतात, आणि बरंच सांगतात.

अकरा नंबर बीए झाली. पोलीस भरतीची तयारी करते, सकाळी आमच्याच मैदानावर 800 मीटरला वेळ लावायला येते. सात नंबर घड्याळ धरून उभी राहते. जुना विषय निघत नाही.

या हंगामाच्या पहिल्या सरावाला सात नंबरनं पोरींना गोल बसवलं आणि तो सामना स्वतःच काढला. म्हणाली, मी पुन्हा तसंच करणार, त्यामुळं कर्णधार दुसरी निवडायची असेल तर आत्ताच निवडा. आणि सगळ्यांनी तसं करायचं का, तेही ठरवा. मी दूर उभा होतो. चिठ्ठ्या टाकल्या. कर्णधार तीच राहिली. टच लागला की हात वर करायचा, याला आठ मतं, नको म्हणायला चार.

झोनच्या पहिल्याच सामन्यात त्या चौघींपैकी एकीच्या कोपराला रेडरची बोटं लागली. मला बाकावरून दिसलं. पंचांना दिसलं नाही. सात नंबर तिच्या अगदी शेजारी होती, तिला नक्कीच दिसलं. त्या पोरीनं हात वर केला नाही. सात नंबरनं एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि पुढच्या चढाईसाठी साखळीत तिचा हात पुन्हा हातात घेतला.

सामना आम्ही 9 गुणांनी जिंकलो, त्यामुळं त्या टचचा हिशेब कुणी मागितला नाही.